श्रीवर्धनला बारा महिने राहणारं कुणी आहे का इथे?

पुण्याची_मंजिरी:
आम्ही दोघं आणि माझी आई (वय ७४) श्रीवर्धनला कायमचं राहायला जायचं म्हणतोय. नवऱ्याचं काम घरूनच चालतं. दर हिवाळ्यात जातो त्यामुळे समुद्र, हरिहरेश्वर, बागमांडल्याची जेट्टी सगळं पाहिलंय, पण ते दोन दिवसांचं. जून ते सप्टेंबर कसं असतं, लाईट आणि नेट टिकतं का, रात्री आईला काही झालं तर काय, आणि आधी भाड्याने राहायचं की सरळ घर घ्यायचं? घरात यावरून रोज चर्चा चालू आहे.

वाडीवाला:
ताई, आधी भाड्यानेच राहा आणि एक अख्खा पावसाळा काढा, मगच पैसे गुंतवा. घरं आहेत इथे पण शनिवार-रविवारच्या एकेका रात्रीचे जे पैसे सुटतात त्यापुढे महिन्याचं भाडं मालकाला परवडत नाही, म्हणून पावसाळ्यात खोली देतात आणि दिवाळी जवळ आली की रिकामी करा म्हणतात. अकरा महिन्यांचा करार करा, दिवाळी, डिसेंबर आणि मे धरून आहे हे आधी तोंडावर बोलून घ्या. किनाऱ्यालगतचं घर नको, आत पाखाडीत, म्हणजे गावातल्या वस्तीच्या गल्लीत बघा, मध्ये नारळी-पोफळीची वाडी असली की वारा अडतो. आणि विहिरीचं पाणी मे महिन्यात पिऊन बघा, काही विहिरींचं तेव्हा मचूळ होतं. शेतजमिनीच्या भानगडीत तर लगेच पडूच नका, शेतकरी दाखला नसेल तर घेता येत नाही, वर किनाऱ्याजवळ बांधकामावर बंधनं घालणारे सीआरझेडचे नियम आहेतच, एजंट काहीही म्हणू दे.

दिवेआगरची_सून:
लाईटचं मी सांगते. साध्या पावसातही जाते, कधी तासाभराने येते कधी दुसऱ्या दिवशी, आणि लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवर पण बसतो, त्यामुळे नुसत्या इन्व्हर्टरने काम होणार नाही, ज्या दिवशी मीटिंग चुकवून चालणार नाही त्या दिवसाची सोय आधीच माणगाव नाहीतर पुण्यात करून ठेवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं ते आमच्याच पट्ट्यात, कौलं-पत्रे उडाले, पोफळी तर अर्ध्यातून मोडून पडल्या, कितीतरी दिवस लाईट नव्हती. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, श्रीवर्धनी रोठा म्हणून जिचं नाव आहे ती ही सुपारी, त्यामुळे ज्यांचं घर वाडीवर चालतं ते आत्ता आत्ता कुठे उभे राहतायत. तुम्ही इथे राहायला आलात की हे शेजारी असणार तुमचे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पुण्याची_मंजिरी:
खूप आभार दोघांचे. वादळाबद्दल पेपरात वाचलं होतं पण पोफळीला इतकी वर्षं लागतात हे माहितीच नव्हतं. आईच्या तब्येतीचं कुणी सांगेल का, तिला बीपी आणि दमा दोन्ही आहे.

डोंबिवलीहून_आलेला:
माझे वडील इथेच असतात माझ्याकडे म्हणून स्पष्ट लिहितो. गावात सरकारी रुग्णालय आहे, डॉक्टर आहेत, ताप-सलाईन इथेच होतं. पण हार्ट किंवा मोठं काही असेल तर आधी माणगाव गाठायचं, म्हसळ्यावरून पन्नासेक किलोमीटर, सगळा वळणांचा रस्ता, आणि तिथून पुढे मुंबई नाहीतर पुणं. पुण्याकडे जायला ताम्हिणी, तो पावसात दरड आली की बंद. म्हणून गाडी आणि ती रात्री चालवू शकेल असा माणूस घरात हवाच. दम्याचा विचार खरंच नीट करा. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना, चपलांना बुरशी धरते, आमच्या वडिलांना तेव्हा जास्त त्रास होतो. आईंना आधी पावसाळ्यात महिनाभर आणून बघा, डॉक्टरांना विचारून. त्यांना सोसलं नाही तर बाकी सगळं जमूनही उपयोग नाही.

वाडीवाला:
+१. अजून एक राहिलंच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, जीवना बंदरात होड्या वर ओढलेल्या असतात, ताजी मासळी जवळपास नाहीच, घरोघरी सुकट-बोंबील. तांदूळ, लाकडं, सुकी मासळी सगळं आगोटीला, म्हणजे पाऊस लागायच्या आधी भरून ठेवतात, तुम्हीही गॅसचा जादा सिलेंडर आणि आईंची दोन महिन्यांची औषधं भरून ठेवा. यायचं ठरलं तर मे संपायच्या आत या, कौलं चाळायला (काढून नीट बसवायला) माणूस एकदा पाऊस लागला की मिळत नाही.