एकच कासव सोडलं तर?

‘घरचं एखादं कासव तळ्यात सोडलं तर असं काय बिघडणार?’ हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं रेड-इअर्ड स्लायडर हे पाळीव कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. विकत घेताना तळहातावर मावतं, पुढे जेवणाच्या ताटाएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं सहज जगतं. मग टाकी पुरत नाही आणि माणूस दयेपोटीच ते सोडून देतो. पण मादी आधीच्या मीलनातलं शुक्र शरीरात साठवते, त्यामुळे नंतर एकटी असतानाही ती फलित अंडी घालू शकते. शिवाय ऊन खायच्या ओंडक्यांवरून हे कासव स्थानिक कासवांना हुसकावतं. कासवाचं पचनसुद्धा त्या उन्हावर चालतं, म्हणून ही जागा जाणं साधी गोष्ट नाही. युरोपीय संघाने १९९७ मध्ये याची आयात थांबवली, पण तोवर ते तिथल्या पाण्यात पसरलं होतं.

अमेरिकेच्या फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या पाणथळ प्रदेशाचं वाचून तर मला फार वाईट वाटतं. पाळीव म्हणून आणलेले ब्रह्मी अजगर रानात सुटले आणि तिथे त्यांची वीण सुरू झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रात्री रस्त्यांवर रॅकून (या अजगरांचं भक्ष्य होणारा एक छोटा सस्तन प्राणी) दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त घटलेलं आढळलं. हे अजगर इतके बेमालूम लपतात की शोधणाऱ्याच्या पायाशी असूनही दिसत नाहीत.

प्राणी सांभाळणं जमत नसेल तर वनविभागाला किंवा प्राणी बचाव संस्थेला विचारा. उत्तर येईपर्यंत मोठ्या टाकीची सोय करा, पण तळ्याकडे नेऊ नका.