शब्दचर्चा: हार्डवेअर ॲड्रेस – पत्ता की खूण?

कोशकिडा: आयटीआयच्या मुलांसाठी नेटवर्किंगची टिपणं मराठीत करतोय. हार्डवेअर ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा आकडा, आपला मॅक ॲड्रेस, त्याला 'यंत्रपत्ता' लिहिलं आणि आयपी ॲड्रेसला, म्हणजे यंत्राला जाळ्यात मिळणाऱ्या आकड्याला, 'जाळेपत्ता'. पहिल्याच तासाला एका मुलीने विचारलं, "सर, प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच वेगळा पत्ता मिळतो, तर आयपीची भानगड कशाला? राउटरने यंत्रपत्ता बघूनच डेटा पोचवावा की!" माझी तारांबळ उडाली. घोळ माझ्या शब्दाने तर केला नाही ना?

तारजोड्या: शब्दानेच केलाय. तो पत्ता नाहीच हो. ४८ बिटांचा आकडा, लिहिताना १२ चिन्हं. साधारण पहिला अर्धा भाग आयईईई ही संस्था कारखानदाराला नेमून देते, उरलेला कारखानदार स्वतः भरतो. त्यावरून कळतं काय, तर कार्ड कोणी बनवलं. ते आज सांगलीत आहे की सिंगापुरात, याचा पत्ताच नाही! आधार क्रमांकही १२ आकडीच असतो. पाकिटावर नुसता आधार क्रमांक लिहून पेटीत टाका, पोस्टमन काय करील?

व्युत्पन्न: पाकीट निघालंच आहे तर आपलं 'मु. पो.' आठवा. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक, जिल्हा ढमुक. पत्ता म्हणजे ही उतरंड. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १९७२ साली पिनकोड आणला तोही असाच: पहिल्या आकड्यावरून विभाग, पहिल्या तिनांवरून वर्गवारीचा जिल्हा, शेवटच्या तिनांवरून पोस्ट. कोलकात्यात टपाल निवडणाऱ्याला ४११ दिसलं की गठ्ठा पुण्याकडे. शनिवार पेठ कुठे आहे हे त्याला कळायची गरज नाही. आयपीचे पुढचे बिट जाळं सांगतात, मागचे त्यातलं यंत्र. म्हणून तर इंटरनेटच्या मोठ्या राउटरांचं दहा लाखांच्या आसपास नोंदींत भागतं. मॅकवर चालवायचं तर दर यंत्रामागे एक ओळ, आणि कोणी लॅपटॉप दादरहून ठाण्याला नेला की जगभरच्या राउटरांना ते कळवत बसा.

शिवाय 'मुक्काम' मूळचा अरबी, थांबण्याची जागा. आयपीला याहून नेमका शब्द मला सुचत नाही. मुक्काम हलला की आयपी बदलतो, कार्ड तेच.

नव्वदीतली: अगदीच अशक्य नव्हतं बरं का. आमच्या ऑफिसात तेव्हा नोव्हेल कंपनीचं नेटवर्क होतं. त्याच्या आयपीएक्समध्ये, म्हणजे आयपीसारख्याच त्याच्या पद्धतीत, कार्डाचा ४८ बिटांचा आकडा सरळ पत्त्यातच घालत. यंत्राला वेगळा क्रमांक द्यायची कटकट नाही, फार सुख होतं. पण त्याच्यापुढे ३२ बिटांचा जाळ्याचा क्रमांक लागायचाच, आणि राउटर वाट काढताना तेवढाच बघायचा. गावाचं नाव काही चुकलं नाही.

खवचट: सगळे एका सुरात गायला लागलात, म्हणून थोडं बेसूर. एका स्विचला, म्हणजे जवळची यंत्रं जोडणाऱ्या पेटीला, जोडलेल्या यंत्रांत डेटाचं पुडकं, म्हणजे फ्रेम, पोचते ती मॅकवरच ना? आयपीवरून मॅक शोधायची रीत, म्हणजे एआरपी, १९८२ पासून हेच करतं: वाड्याच्या चौकात उभं राहून हाक मारायची, "हा आयपी कोणाचा?" ज्याचा असेल तो आपला मॅक सांगतो, की माल त्याच्या दारात. वाड्याबाहेर जायचं असेल तर मॅक राउटरचा घालायचा. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हे वरचं वेष्टन बदलतं, आतला मुक्कामाचा आयपी तोच; घरचा राउटर वाटेत पाठवणाऱ्याचा आयपी बदलतो, ते सोडा. म्हणजे टप्प्यापुरता का होईना, पत्ताच झाला की.

व्युत्पन्न: वाड्यात हाक मारतात ती नावाने. "पाठीमागच्या खोलीतले, या!" असं कोणी ओरडत नाही.

खवचट: आमच्या वाड्यात ओरडायचे.

तारजोड्या: मी केबलचं काम करतो. आमच्यात 'यंत्रपत्ता' म्हटलं तर लोक हसतील. 'मॅक बाइंड आहे' (म्हणजे जोडणी त्याच मॅकला बांधलेली), 'मॅक रिसेट करा', संपलं. गिऱ्हाईक परस्पर नवा राउटर आणतं, नेट चालत नाही, मग फोन. आम्ही सांगतो, उलटा करा आणि स्टिकरवरचा मॅक वाचा. तो ओळख पटवायला लागतो. वायर कुठे टाकायची ते विचारायला आम्ही पत्ता वेगळा घेतो.

कोशकिडा: मग 'यंत्रखूण' करतो. आणि राउटिंगला 'मार्गण' कसं वाटतं?

व्युत्पन्न: जपून. संस्कृतात 'मार्गण' म्हणजे शोध, याचक आणि बाणसुद्धा! आपलं 'मागणे' त्याच घरातलं, 'माग काढणे' हेही. पण यात तुमच्या मुलीचं उत्तर आहे. मॅकवरून मार्ग निघत नाही, माग निघतो. पूर्वी फोन वायफाय शोधत फिरायचा तेव्हा आपला खरा मॅक हवेत सांगत जायचा. तोच आकडा पुन्हा दिसला की माणूस पुन्हा आला हे दुकानदाराला कळायचं. म्हणून तर अँड्रॉइड १० ने २०१९ मध्ये आणि आयओएस १४ ने २०२० मध्ये वायफायला जोडताना बनावट मॅक वापरायची सोय आपसूक चालू ठेवली. पत्ता असता तर असा मनाला येईल तसा बदलून चाललं असतं का?

खवचट: हे मान्य. 'खूण' घ्या. 'मार्गण' नको, 'राउटिंग'च राहू द्या.

तारजोड्या: आणि कंसात 'मॅक' लिहाच. पोरं उद्या कामाला लागतील, स्टिकरवर 'यंत्रखूण' छापलेलं नसतं.