तीन वेळा दुरुस्तीला जाऊनही लॅपटॉप बंद पडतो आणि कंपनी दाद देत नाही. सल्ला हवा आहे

धागाकर्ती:
नमस्कार. चौदा महिन्यांपूर्वी घेतलेला माझा लॅपटॉप गेल्या पाच महिन्यांत तीन वेळा सर्व्हिस सेंटरला जाऊन आला आणि तिन्ही वेळा जसा गेला तसाच परत आला. काम चालू असताना, कोणतीही पूर्वसूचना न देता, पडदा काळा पडतो आणि यंत्र बंद होते. बॅटरी चाळीस टक्के शिल्लक दिसत असतानाही हे घडते. जॉब शीटवर प्रत्येक वेळी ‘दोष आढळला नाही’ एवढाच शेरा असतो. दुसऱ्या खेपेला तर मला न विचारता सगळी डिस्क पुसून टाकली. माझा बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा होता, त्यामुळे मधल्या काळात केलेला अनुवाद मला पुन्हा पहिल्यापासून करावा लागला.

ग्राहक सेवेला फोन केला की दर वेळी नवी व्यक्ती असते आणि तिला सिरीयल नंबरपासून सगळे पुन्हा सांगावे लागते. ‘तक्रार वरच्या पातळीवर पाठवली आहे’ असे आश्वासन मिळते आणि दोन दिवसांनी तक्रार निकाली काढल्याचा संदेश येतो. वाढीव वॉरंटी घेतलेली असल्यामुळे अजून दहा महिने हातात आहेत. आता कंपनीशी कसा पत्रव्यवहार करावा, आणि पुढचा लॅपटॉप घेताना काय पाहावे, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद:
पत्रव्यवहाराआधी दोन गोष्टी तपासून सांगाल का? चार्जर जोडलेला असताना तो कधी बंद पडला आहे का? आणि टचपॅड सर्व बाजूंनी सारखा दाबला जातो का?

धागाकर्ती:
आपण विचारल्यावर लक्षात आले की तो बंद पडतो ते केवळ बॅटरीवर असतानाच, आणि बहुतेकदा व्हिडिओ कॉल चालू असताना. टचपॅडचा उजवा कोपरा महिनाभरापासून दाबलाच जात नाही. मी तो निराळा दोष समजत होते. आत्ता लॅपटॉप रिकाम्या टेबलावर ठेवून पाहिला, तर एका कोपऱ्यावर किंचित डुगडुगतो आहे.

पहिला प्रतिसाद देणारे:
मग कृपया चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि तो पुन्हा चार्ज करू नका. आपली बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता आहे. लिथियम-आयन बॅटरीतील द्रावणाचे विघटन होऊ लागले की आत वायू साचतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या खालीच असते, म्हणून पहिला परिणाम तिथे दिसतो. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि घरी उघडण्याचा प्रयत्न करू नये.

अचानक बंद पडण्याचेही कारण हेच असावे. खराब झालेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून वीज वाहताना होणारा अडथळा, वाढतो. कामाचा भार एकदम वाढला की तिचा व्होल्टेज क्षणभर इतका खाली येतो की यंत्र स्वतःला बंद करते, मग पडद्यावर चाळीस टक्के दिसत असले तरीही. आयफोन ६एसच्या काही संचांत असे होऊ लागले, तेव्हा अ‍ॅपलने २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या बॅटऱ्या विनामूल्य बदलून दिल्या. पुढे जुन्या बॅटरीचे फोन सॉफ्टवेअरने मंद केल्याचे २०१७ च्या डिसेंबरमध्ये उघड झाले आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप चार्जरला जोडून, कोणताही भार न देता तपासला गेला असेल, तर तिथे दोष दिसणारच नाही. त्यांनी तपासणी चुकीच्या परिस्थितीत केली, हे आपण त्यांना लेखी सांगितले पाहिजे.

दुसरा प्रतिसाद:
मी काही वर्षे अशाच एका कंपनीच्या ग्राहक सेवा विभागात काम केले आहे, म्हणून आतली बाजू सांगतो. आमचे मोजमाप दोन गोष्टींवर होत असे, एक कॉल किती मिनिटांत संपला आणि दुसरी दिवसभरात किती तिकिटे, म्हणजे तक्रारींच्या नोंदी, बंद झाली. ग्राहकाचे यंत्र खरोखर नीट झाले का, हे विचारणारा रकानाच आमच्या पडद्यावर नव्हता. समोरचा माणूस तुमचे ऐकूनही काही करत नाही याचा संताप येणे स्वाभाविक आहे, पण बहुतेक वेळा त्याच्या हाती काही नसते. त्याला जी नोंद पुढे पाठवता येईल, ती आपण तयार करून द्यावी.

यापुढे फोनवर विसंबू नका, सगळे ईमेलने करा आणि फोन झालाच तर त्याच दिवशी ‘आपले असे बोलणे झाले’ असा ईमेल पाठवा. नवीन तक्रार उघडताना जुन्या तिन्ही तक्रारींचे क्रमांक पहिल्याच ओळीत लिहा, नाहीतर ही पहिलीच तक्रार समजून तुम्हाला पुन्हा ‘फॅक्टरी रीसेट करून पाहा’ असे सांगतील. त्यानंतर दोष कोणत्या परिस्थितीत येतो ते असे लिहा की वाचणाऱ्याला तो स्वतः घडवून आणता येईल: चार्जर काढलेला, बॅटरी अमुक टक्के, व्हिडिओ कॉल चालू, अमुक मिनिटांनी बंद. डिस्क पुसल्यानंतरच्या तारखा आणि वेळा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे यंत्रातील घडामोडींच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ या नावाने असतात. ती नोंद यंत्र नीट बंद झाले नाही एवढेच सांगते, कारण सांगत नाही. पण असे किती वेळा झाले याचा पुरावा म्हणून ती उपयोगी आहे. अर्थात ती पाहण्यासाठी आता लॅपटॉप सुरू करू नका. सध्या तारखा तुमच्या ज्या ईमेलमध्ये किंवा चॅटमध्ये आल्या असतील, तिथूनच घ्या. डुगडुगणाऱ्या लॅपटॉपचा दहा सेकंदांचा व्हिडिओ फोनवर काढून जोडा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘बॅटरी फुगली आहे’ हे शब्द विषयाच्या ओळीतच लिहा. आमच्याकडे हे शब्द आले की तक्रार सुरक्षिततेच्या वेगळ्या रांगेत जात असे आणि ती पहिल्या पातळीवर बंद करण्याची आम्हाला परवानगी नव्हती. लॅपटॉप कुरिअरने पाठवण्यास मात्र नकार द्या, कारण खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्यास मनाई आहे. तंत्रज्ञ घरी पाठवावा, अशीच मागणी करा.

आणि एक सावधगिरीची सूचना. ग्राहक सेवेचा क्रमांक सर्च इंजिनवर शोधू नका. तिथे बनावट क्रमांक पेरलेले असतात आणि त्रासलेला ग्राहक त्यांना सहज बळी पडतो. क्रमांक फक्त वॉरंटी कार्डावरून किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा.

तिसरा प्रतिसाद:
माझ्या मते एवढा मनस्ताप करून घेण्यापेक्षा आहे त्या अवस्थेत विकून मोकळे व्हावे.

धागाकर्ती:
आपला हेतू मी समजू शकते, पण फुगलेली बॅटरी असलेले यंत्र दुसऱ्याच्या घरात पाठवणे मला पटत नाही.

चौथा प्रतिसाद:
पुढच्या खरेदीबद्दल लिहितो. प्रोसेसर आणि मेमरीचे आकडे सगळेच पाहतात. मी त्याआधी त्या मॉडेलचे दुरुस्ती पुस्तक शोधतो. लेनोव्हो, डेल आणि एचपी या कंपन्या आपल्या अनेक मॉडेलांची अशी पुस्तके संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवतात. त्यात बॅटरीचे पान उघडावे. ती स्क्रूने बसवलेली असेल तर बदलणे सोपे, डिंकाने चिकटवलेली असेल तर साध्या कामाचीही मोठी दुरुस्ती होते. मेमरी मुख्य सर्किट बोर्डवर कायमची जोडलेली आहे का, हेही तिथेच कळते. फ्रेमवर्क ही कंपनी तर सुटे भाग ग्राहकाने स्वतः बदलावेत या कल्पनेवरच उभी आहे, मात्र आपण राहतो तिथे ती माल पाठवते का ते आधी पाहावे. कार्यालयीन वापराच्या मालिका थोड्या जाड आणि महाग असतात, पण त्यांच्यासोबत घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी सहज मिळते. माझा कल त्यांच्याकडेच आहे.

आणखी एक. वॉरंटी संपली म्हणून लगेच हार मानू नये. एखादा दोष संपूर्ण मालिकेत आहे हे मान्य झाल्यावर कंपन्या मुदत वाढवतात. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये एक्सबॉक्स ३६० या गेम खेळण्याच्या यंत्राच्या एका ठरावीक बिघाडासाठी ती तीन वर्षांची केली, आणि अ‍ॅपलने २०१८ मध्ये मॅकबुकच्या बटरफ्लाय कीबोर्डसाठी खरेदीपासून चार वर्षे विनामूल्य दुरुस्ती जाहीर केली. अशा योजनांची घोषणा ग्राहकापर्यंत आपोआप पोहोचतेच असे नाही, म्हणून संकेतस्थळावर मॉडेलच्या नावाने अधूनमधून शोध घ्यावा.

धागाकर्ती (सोळा दिवसांनी):
सर्वांचे मनापासून आभार. विषयात ‘बॅटरी फुगली आहे’ असे लिहून व्हिडिओ जोडला, तर तिसऱ्या दिवशी कंपनीकडूनच फोन आला आणि त्या आठवड्यात तंत्रज्ञ घरी आले. त्यांनी खालच्या झाकणाचे स्क्रू काढताच ते एका बाजूने आपोआप वर उचलले गेले. सहांपैकी दोन सेल उशीसारखे फुगले होते आणि टचपॅडच्या पाठीमागच्या पत्र्याला बाक आला होता. बॅटरी आणि टचपॅड दोन्ही बदलले. नवीन भागांचे क्रमांक मी जॉब शीटवर त्यांच्यासमोरच लिहून घेतले. त्यानंतर चार्जर काढून दोन तासांचा व्हिडिओ कॉल केला आणि लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही.

आधीच्या तीन जॉब शीटवरचा ‘दोष आढळला नाही’ हा शेरा दुरुस्त करावा आणि विनापरवानगी डिस्क का पुसली याचे लेखी उत्तर द्यावे, असा ईमेल मी कंपनीला केला आहे. त्याला अद्याप उत्तर आलेले नाही. पुढच्या सोमवारी स्मरणपत्र पाठवणार आहे. त्यात आणखी काय लिहावे असे कोणाला वाटत असेल, तर जरूर कळवावे.