आमोसातली सुगी: आशीर्वाद की हिशेब?

शेतमळा:
बायबलमधल्या आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकात ९:१३ मध्ये (अध्याय ९, ओळ १३) आहे की असे दिवस येतील, नांगरणारा कापणाऱ्याला गाठेल आणि द्राक्षं तुडवणारा बी पेरणाऱ्याला. इस्राएलचं शेतीचं वर्ष डोळ्यासमोर ठेवून वाचा. जव एप्रिलच्या सुमारास, मागोमाग गहू, द्राक्षं उन्हाळा सरताना, आणि नांगर धरायचा तो ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पहिला पाऊस पडल्यावर. म्हणजे पीक एवढं अफाट की पुढची नांगरणी आली तरी कापणी उरकत नाही! बायबलच्याच लेवीय या पुस्तकात २६:५ मध्येही हेच वचन आहे. भरलेलं खळं म्हणजे देवाची कृपा, एवढं साधं आहे हे. उगाच खोलात कशाला शिरायचं?

विळाकोयता:
गोड ओळी तेवढ्या वेचल्यात. योएल ३:१३ मध्येही पीक तयार आहे, विळा घाला म्हटलंय, पण तिथे कापली जाणार आहेत ती राष्ट्रं. यिर्मया ५१:३३ मध्ये खळं म्हणजे बाबेल, म्हणजे बॅबिलोन. आणि आमोसाच्याच आठव्या अध्यायात पिकलेल्या फळांची टोपली दाखवून देव सांगतो, इस्राएलचा शेवट आला.

शेतमळा:
न्यायाची कापणी वेगळी. योएल २ मध्ये टोळांनी खाल्लेली वर्षं भरून देण्याचं वचन आहे, खळी धान्याने भरतील असंही आहे. तिथे कोणता न्याय?

टिपणवही:
आमोस ९:११-१५ हा भाग नंतर जोडलेला, असं जर्मन बायबल-अभ्यासक वेल्हाउझेनपासून बरेच अभ्यासक मानतात. आठ अध्याय आग ओकणारा माणूस शेवटी एकदम द्राक्षारसाचे डोंगर दाखवतो, हे पटत नाही.

विळाकोयता:
जोडला असेलही. पण जोडणाऱ्याने आधीचं नीट वाचलं होतं. ५:११ बघा: गरिबाला तुडवून त्याच्याकडून धान्य उकळता, म्हणून द्राक्षमळे लावाल पण त्यांचा रस पिणार नाही. ९:१४ मध्ये नेमकं उलट: मळे लावतील आणि रसही पितील. लावणाऱ्याच्या तोंडी घास पडणं, हा आशीर्वाद. नुसतं पीक तर आमोसाच्या वेळचा इस्राएलचा राजा दुसरा यराबाम याच्या काळातही होतंच. त्याची राजधानी शोमरोन, तिथे १९१० मध्ये लेख असलेली खापरं सापडली, इसवी सनपूर्व आठव्या शतकातली. राजधानीत पोचलेल्या जुन्या द्राक्षारसाच्या आणि तेलाच्या नोंदी आहेत त्यांवर. त्याच शोमरोनात हस्तिदंती पलंगांवर लोळून कटोऱ्यांनी द्राक्षारस पिणाऱ्यांना आमोस झोडपतो. खळी भरलेलीच होती की!

शेतमळा:
मग आमोस ४:७ चं काय? कापणीला तीन महिने असताना पाऊस रोखला. दुष्काळ ही शिक्षा असेल तर पीक ही कृपाच ठरते.

टिपणवही:
त्याच ओळीत पुढे आहे की एका गावावर पाऊस पाडला, दुसऱ्यावर नाही. ज्या गावात पडला ते जास्त धार्मिक होतं, असं काही आमोस म्हणत नाही. चर्चमधल्या हार्वेस्ट फेस्टिव्हलच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या उपदेशात मात्र ही ओळ कधी ऐकली नाही.

शेतमळा:
हाग्गय संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २:१९ तरी मानाल? मंदिराचा पाया घातला, आजपासून आशीर्वाद देईन, असं देव म्हणतो. पीक आणि कृपा, थेट जोडलेत.

विळाकोयता:
मानतो ना. पण तारीख बघा: इराणचा राजा दार्यावेश याच्या दुसऱ्या वर्षाचा नववा महिना, म्हणजे इसवी सनपूर्व ५२० चा डिसेंबर. द्राक्षवेल, अंजीर, डाळिंब, जैतून, कशालाच अजून फळ नाही, असं हाग्गय स्वतःच त्या ओळीत सांगतो. आशीर्वाद जाहीर झाला तेव्हा दाखवायला पीक नव्हतंच.