घोडागाड्यांच्या रस्त्यावर चाकांवरचे घर : तुमचे अनुभव लिहा

अंगणवेल
गेल्या आठवड्यात वादळामुळे आमच्या न्यू जर्सीतल्या घराची वीज चार तास गेली. अंधारात मेणबत्ती शोधताना, आता कॉलेजात असलेला मुलगा म्हणाला, "आई, लँकेस्टरसारखंच झालं." त्यावरून हा धागा काढते आहे.

२०१४ च्या लेबर डेच्या सुट्टीत आम्ही भाड्याचे मोटरहोम घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत, मोटारी आणि तारेची वीज टाळून जुन्या पद्धतीने राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या मुलखात गेलो होतो. कॅम्पग्राउंडवरच्या विजेच्या जागा केव्हाच भरल्या होत्या, त्यामुळे आमच्या वाट्याला मक्याच्या शेताला लागून असलेली, वीज नाही आणि नळही नाही अशी कोपऱ्यातली जागा आली. शनिवारी रात्री मुलांनी दिवे आणि पाण्याचा पंप इतका वापरला की रविवारी पहाटे बॅटरीने मान टाकली. जनरेटर सुरू करायलाही तीच बॅटरी लागते, हे ज्ञान तेव्हा झाले. इंजिनची बॅटरी वेगळी, म्हणून शेवटी ही भरायला गाडीचे इंजिनच पाऊण तास धडधडत ठेवले. नेमक्या त्याच वेळी कुंपणापलीकडच्या रस्त्याने करड्या बग्ग्यांची रांग प्रार्थनेला निघाली होती. त्यांच्यात चर्चची इमारत नसते, एक आड एक रविवारी कुणाच्या तरी घरी सगळे जमतात. त्या शांततेत घोड्यांच्या टापा आणि आमचे इंजिन. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुपारी शेजारच्या शेताचा मालक कुंपणाशी आला. रागावला असेल असे वाटले होते, पण त्याला आतली यंत्रणा पाहायची होती. फ्रीज प्रोपेन गॅसवर, शेगडी गॅसवर, दिवे बॅटरीवर, हे सगळे पाहून तो म्हणाला, "आमच्या घरीही असंच आहे. फक्त आमचं घर जागचं हलत नाही."

भटकभवानी
अंगणवेल, तुमची बॅटरीच गेली, आमचे तर छप्परच जाणार होते. स्ट्रासबर्गहून निघाल्यावर मोबाइलने जवळचा रस्ता म्हणून आम्हाला एका छपराच्या लाकडी पुलाकडे नेले. एकोणिसाव्या शतकातले असे कितीतरी पूल तिथे अजून वापरात आहेत. दिसायला देखणे असतात, पण तोंडाशीच उंचीची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. आमच्या गाडीची उंची बारा फूट असल्याची चिठ्ठी भाड्याने देणाऱ्याने समोर चिकटवली होती आणि मी नेमकी तिच्यावरच वाणसामानाची यादी लावली होती. ह्यांनी ब्रेक लावला तेव्हा पुलाचे तोंड चार हातांवर होते. मागे दोन मोटारी आणि एक बग्गी. मोटारवाल्यांनी हॉर्न वाजवून घेतले. बग्गीतला दाढीवाला मात्र मुलाच्या हाती लगाम देऊन खाली उतरला, मोटारींना मागे सरकवले आणि अडलेली बैलगाडी काढावी तसे आमचे धूड हातवारे करत मागे काढून दिले.

निपाणीकर
आम्हीही लेबर डेलाच गेलो होतो, सोबत निपाणीहून आलेले बाबा होते. मोटरहोमच्या खिडकीतून ते अचानक ओरडले, "अरे थांबव, तंबाखू!" खरोखरच एका रानात तंबाखूची काढणी चालू होती. कापलेली अख्खी झाडे लाकडी पट्ट्यांवर ओवून खेचरांच्या गाडीत रचत होते. आमच्याकडे बिडीची तंबाखू रानातच उन्हात पसरतात. इथे ती कोठारात उलटी टांगून, भिंतीच्या उभ्या फळ्या किलकिल्या ठेवून, वाऱ्यावर वाळवतात. बाबांना हे काही पटले नाही. "वेळ किती जातो मग?" हा प्रश्न मी इंग्रजीत विचारला. शेतकऱ्याने हसून उत्तराऐवजी हातच पुढे केले, चिकाने काळेकुट्ट झालेले. बाबांनी ते हात उलटसुलट करून पाहिले आणि मान हलवली. पुढचा अर्धा तास मला दुभाषी म्हणून कुणी विचारले नाही.

तिखटजीरे
रविवारी आमिश दुकाने बंद असतात, हे जाणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवावे. आम्ही 'उद्या घेऊ' म्हणत शनिवार घालवला आणि दुसऱ्या दिवशी बर्ड-इन-हँडपासून इंटरकोर्सपर्यंत बंद दारेच पाहिली. (गावाचे नाव खरोखर तेच आहे, मुलांनी नकाशा वाचला तेव्हा गाडीत बराच वेळ शांतता होती.) सोमवारी मात्र तिथला शूफ्लाय पाय (pie) मिळाला. तो काकवीचा असतो. सासूबाईंनी एक घास घेऊन "यात वेलदोडा हवा होता" असा निकाल दिला आणि उरलेला सगळा त्यांनीच संपवला.

पुण्यात शिकलेले जर्मन मी तिथल्या काउंटरवर वापरून पाहिले. त्यांची घरातली बोली पेनसिल्व्हेनिया डच असली तरी ती डच नव्हे, जर्मनच आहे. त्या मुलीने नीट ऐकून घेतले आणि इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही बायबलसारखं बोलता." त्यांचे बायबल प्रमाण जर्मनमध्ये असते, हे नंतर कळले.

ओहायोवाला
आमची फेरी ओहायो राज्यातल्या आमिश मुलखात, होम्स काउंटीत झाली, तिथल्या बग्ग्या काळ्या असतात. स्वार्ट्झेनट्रूबर नावाच्या अधिक कर्मठ शाखेचे लोक बग्गीमागे हळू चालणाऱ्या वाहनाची खूण असलेला नारिंगी त्रिकोणही लावत नाहीत, केवळ करड्या परावर्तक पट्ट्या. तिन्हीसांजेला चढ ओलांडल्यावर अशी बग्गी एकदम पुढ्यात आली आणि एवढी जड गाडी थांबवताना माझे पाय लटपटले. तेव्हापासून तिथे सूर्य कलला की मोटरहोम हलवायचे नाही, असा आमच्या घरचा नियम आहे.

अंगणवेलताई, एक विचारू का? बऱ्याच मोटरहोममध्ये चालकाच्या पुढ्यात एक बटण असते. ते दाबून धरले की इंजिनची बॅटरी गाडीतल्या घराच्या बॅटरीला जोडली जाते आणि जनरेटर सुरू होतो. ते पाहिले होते का?

अंगणवेल
ओहायोवाला, तुमचा प्रतिसाद वाचून जुने फोटो काढले. एका फोटोत सात वर्षांचा मुलगा चालकाच्या जागेवर ऐटीत बसला आहे आणि त्याच्या कोपराखाली ते बटण स्पष्ट दिसते आहे. वर बॅटरीचे चित्रसुद्धा आहे. यजमानांना अजून दाखवलेले नाही.