बटणाचा फोन: तुमच्या घरात कुठला टिकला आणि का? (अनुभव धागा)

चाफेकळी
आईसाठी बटणाचा फोन घ्यायचाय. वय ७६, चिपळूणला एकटी असते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तरी बारीक अक्षर लागत नाही. स्मार्टफोन देऊन पाहिला, पण हात लागला की काहीतरी भलतंच उघडतं आणि कॉल घ्यायला सरकवेपर्यंत रिंग बंद. दुकानात हजारापासून अडीच हजारापर्यंतचे सगळे डबे सारखेच दिसतात, आणि दुकानदार कॅमेरा नि मेमरी कार्डाचंच सांगत बसतो. रोज वापरणाऱ्यांनी लिहा प्लीज, आवाज, बटणं, बॅटरी, रेंज. जुन्या फोनांबद्दल लिहिलंत तरी चालेल.

पाटाचं पाणी
आमचं गाव सांगोल्याकडं. शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री, पाळीनं. मोटरीच्या पेटीत सिमवाला स्टार्टर बसवलाय, त्याला फोन लावायचा, पलीकडून बाई सांगते लाईट आहे का नाही, मग आकडा दाबला की मोटर चालू. आता हे चिखलाच्या ओल्या हातानं टचवर होतंय का? नाही होत. म्हणून खिशात बटणाचाच. नोकिया ११०० (२००३ चा) वडिलांनी कितीतरी वर्षं वापरला, त्याच्या सगळ्या बटणांवर एकच अखंड रबर होतं त्यामुळं धूळ आत जायची नाही, आणि डोक्यावर टॉर्च. आताच्या फोनात टॉर्च आहे पण काहींत मेनूत जाऊन शोधावा लागतो. बांधावर अंधारात पायाखाली काय आहे ते बघायचं का मेनू बघायचा? एक बटण दाबून धरलं की लागला पाहिजे, दुकानातच लावून बघा ताई.

मिरजेचा रिपेअरवाला
ताई आधी सिम कुठलंय ते सांगा, फोन त्यावर ठरतो. जिओला २जी नाहीच, त्यांचा कॉल ४जीवरूनच जातो, म्हणजे साध्या २जी फोनात ते सिम टाकलं तर रेंजच येणार नाही. माझ्याकडे आठवड्याला कुणी ना कुणी असा नवाकोरा फोन घेऊन येतं, "खराब निघाला" म्हणून. फोन चांगला असतो हो, जोडी चुकलेली असते. ४जी बटणवाला घेतला तर बॅटरी २जीपेक्षा लवकर उतरते, तेवढं धरून चाला.

बॅटरी काढता येणारी आणि बीएल-५सी मापाची असेल तर उत्तम, ती तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळते. फुगली तर पिन मारून वगैरे वापरू नका, लगेच बदला. आणि रिचार्ज करताना नेट नसलेला पॅक मागा, ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, डिसेंबर २०२४ मध्ये नियम केलाय की कंपन्यांनी नुसता कॉल-एसएमएसचा पॅकही ठेवलाच पाहिजे.

चाफेकळी
सिम बीएसएनएलचं आहे दादा, तिकडे घरात तेवढंच लागतं.

मिरजेचा रिपेअरवाला
मग २जी-४जी दोन्ही घेणारा बघा, आणि विकत घेण्याआधी तेच सिम टाकून एक कॉल लावूनच बघा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

अभ्यासिका, तिसरा मजला
मी पुण्यात एमपीएससी करतेय, स्मार्टफोन रूमवर कपाटात आणि जवळ बटणाचा. अभ्यासाला फरक पडतो, खरंच पडतो. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही, या फोनांची मेसेजची जागा अगदी थोडी असते, कंपन्यांच्या जाहिरातींनी इनबॉक्स भरला की नवीन मेसेज आतच येत नाही आणि फॉर्म भरताना ओटीपीची वाट बघत बसावं लागतं. वर कोपऱ्यात पाकिटाचं चिन्ह लुकलुकायला लागलं की समजायचं भरलाय. आईंचा इनबॉक्स कुणीतरी येताजाता रिकामा करत जा.

माजघर
माझ्या सासूबाई ८१. त्यांना सगळ्यात त्रास झाला तो दोन सिमचा! हिरवं बटण दाबलं की फोन विचारतो सिम १ का सिम २, आणि त्या तिथेच थांबायच्या, त्यांना वाटायचं फोन लागतोय. सेटिंगमध्ये एक सिम कायमचं ठरवून टाकलं आणि प्रश्न मिटला. आकडा दाबला की मोठ्यानं बोलणारा कीपॅड पण खूप उपयोगी, चुकीचा आकडा लगेच कळतो. स्पीड डायल २ वर मुलगा, ३ वर मी, ४ वर शेजारच्या काकू, आणि त्या बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके दिलेत, वेगवेगळ्या रंगांचे. ५ आणि ९ वर मात्र काही लावू नका, २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे साध्या फोनात ५ किंवा ९ दाबून धरलं की ११२ ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरला, कॉल जायची सोय असते, ती आईंना नीट समजावून ठेवा.

पाटाचं पाणी
ठिपक्याचं लई भारी, आमच्या आजीच्या फोनला आजच करतो.

चाफेकळी
शनिवारी गावी चाललेय, आईचं सिम घेऊन बाजारपेठेतच बघते. माजघर, तो बोलणारा कीपॅड मराठीत बोलतो का हिंदीत? आईला हिंदी आकडे पन्नासच्या पुढे गोंधळात टाकतात.

माजघर
आमचा इंग्रजी-हिंदीच बोलतो, पण एकेक आकडाच सांगतो, एक दो तीन असं, त्यामुळे पन्नासचा प्रश्नच येत नाही. घ्या बिनधास्त.