गिरणी संप १९८२: मराठी बातम्यांतील मूळ दृश्ये कोठे शोधावीत?

परळचा_शोधक

नमस्कार. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईतील गिरणी संपाच्या काळात लालबाग, परळ आणि डिलाईल रोड या पट्ट्यातील चाळींचे जगणे कसे बदलत गेले, यावर मी सध्या लेखन करीत आहे. वृत्तपत्रांची कात्रणे, युनियनची पत्रके आणि जुन्या कामगारांच्या मुलाखती यांचा संग्रह बऱ्यापैकी झाला आहे. मात्र मुंबई दूरदर्शनच्या मराठी बातम्यांत त्या काळी जी दृश्ये दाखवली गेली, ती मूळ स्वरूपात कोठेच हाती लागत नाहीत. आंतरजालावर जे दिसते ते बहुतेक नंतरच्या कार्यक्रमांतून उचललेले आठ-दहा सेकंदांचे तुकडे असतात आणि तेच पुन्हा पुन्हा फिरत राहतात. त्यांवरील माहितीही भरवशाची नसते. एका चित्रफितीवर ‘संपाचा पहिला दिवस’ अशी ओळ आहे, पण मोर्चातील निम्म्या लोकांच्या डोक्यावर उघड्या छत्र्या आहेत आणि रस्त्यावर घोटाभर पाणी आहे. मुंबईत जानेवारीत छत्री कोण उघडतो?

संध्याकाळचे संपूर्ण बातमीपत्र मुद्रित करून ठेवण्याची पद्धत त्या काळी होती का, असल्यास त्याचा शोध कशाच्या आधारे घ्यावा, आणि ही दृश्ये एखाद्या छोट्या प्रदर्शनात दाखवायची झाल्यास परवानगी कोणाची लागेल, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फिल्मची_कात्री

आपण बातमीपत्र शोधत आहात आणि बहुधा तिथेच गाडी अडली आहे. मी त्या काळात बातम्यांसाठी फिल्म संकलनाचे काम केले आहे, त्यामुळे जे पाहिले तेवढेच सांगतो. घरोघरी जे बातमीपत्र दिसत असे, ते एकसंध वस्तू म्हणून बहुतेक वेळा अस्तित्वातच येत नसे. निवेदक स्टुडिओत बसून समोरच्या कागदावरून थेट वाचत, दृश्ये टेलिसिनेवरून, म्हणजे फिल्मवरचे चित्र दूरचित्रवाणीसाठी बदलणाऱ्या यंत्रावरून, सोडली जात, मधल्या पाट्या आणि छायाचित्रे दुसऱ्या कॅमेऱ्यावरून येत, आणि हे सगळे नियंत्रण कक्षात जुळून थेट प्रक्षेपणाला जाई. ते जपायचे असेल तर त्यासाठी वेगळे यंत्र आणि वेगळी टेप अडकवावी लागे. टेप परदेशी, महाग आणि मोजकी असल्यामुळे ती नाटके, गाणी आणि मुलाखती यांच्यासाठी राखून ठेवलेली असे. आज ऐकलेली बातमी उद्या शिळी, मग तिच्यावर टेप कोण खर्च करणार? असा हिशेब जगभरच्या वाहिन्यांनी केलेला आहे. अमेरिकेत वँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट १९६८ पासून रोजची राष्ट्रीय बातमीपत्रे स्वतःहून मुद्रित करायला घेतली, कारण खुद्द वाहिन्या ती नीट जपत नव्हत्या.

तेव्हा उरले असतील ते सुटे भाग: दृश्यांचे तुकडे एकीकडे आणि वाचलेला मजकूर कागदावर दुसरीकडे. बातम्यांचे चित्रीकरण १६ मिलिमीटरच्या फिल्मवर होई आणि त्यातले बरेचसे मूक असे. ही फिल्म रिव्हर्सल जातीची, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेलीच धुऊन पॉझिटिव्ह होणारी. तिला निगेटिव्ह नसे. आम्ही कात्री चालवायचो ती त्या एकमेव प्रतीवर. शंभर फुटांचे रीळ जेमतेम दोन मिनिटे चाळीस सेकंद चाले, त्यामुळे कॅमेरामन हात राखूनच काम करी: गिरणीचे फाटक, फाटकावरची पाटी, गर्दीचा एक लांबचा शॉट, बोलणाऱ्या नेत्याचा एक, दोन-तीन चेहरे, आणि रीळ संपले. त्यातील तीस-चाळीस सेकंद बातमीत जात. प्रसारणानंतर हे वापरलेले तुकडे एकमेकांना जोडून डब्यात ठेवले जात आणि डब्यावर तारीख, विषय आणि लांबी लिहिली जाई. न वापरलेले तुकडे टोपलीत पडत. आपल्या दृष्टीने त्या टोपलीतच खरी चाळ असणार, पण त्याला आता इलाज नाही.

पुढे यू-मॅटिकच्या व्हिडिओ कॅसेटी आल्या. बाहेर नेण्याच्या यंत्रात वीस मिनिटांची कॅसेट बसे, धुण्याची भानगड नसे आणि आवाजही सोबत येई. मात्र कॅसेट पुसून पुन्हा वापरता येते आणि फिल्म तशी येत नाही. त्यामुळे १९७५ मधील एखाद्या पुलाचे उद्घाटन डब्यात सुखरूप सापडते आणि १९८३ मधील महत्त्वाची मुलाखत मागमूस न ठेवता गेलेली असते, असा उफराटा प्रकार होतो. आपला संप नेमका या दोन पद्धतींच्या सांध्यावर येतो.

शोध घेताना ‘गिरणी संप’ किंवा संपाचे नेते ‘दत्ता सामंत’ असे विषय घेऊन जाऊ नका. डब्यावरची नोंद ‘मुख्यमंत्री, बैठक, मंत्रालय’ अशी असू शकते. प्रसारभारती १९९७ मध्ये अस्तित्वात आली. तोपर्यंत दूरदर्शन हे माहिती व प्रसारण मंत्रालयाचे खाते होते आणि कॅमेरा साहजिकच जिथे मंत्री तिथे आधी पोहोचे. शिवाय १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार गिरणी कामगारांची प्रतिनिधी संघटना म्हणून मान्यता सामंतांच्या नव्हे, तर राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होती, त्यामुळे अधिकृत बैठकांची दृश्ये त्या बाजूची अधिक आणि गेट-मीटिंगची कमी, अशी अपेक्षा ठेवूनच जावे. वृत्तपत्रांवरून तारखांची यादी करा. बाबासाहेब भोसले यांचा मुख्यमंत्रिपदाचा शपथविधी २१ जानेवारी १९८२ रोजी, म्हणजे संपाच्या चौथ्या दिवशी झाला. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलिसांच्या असंतोषाचा उद्रेक झाला आणि लष्कर बोलवावे लागले. अशा दिवसांची फिल्म जपली गेली असण्याची शक्यता इतर दिवसांपेक्षा जास्त आहे, आणि तिच्या आगेमागे जोडलेल्या तुकड्यांत आपल्या उपयोगाचे काही निघू शकते.

छत्र्यांचे कोडे सोपे आहे. तो फाइल शॉट आहे. नव्या बातमीला दृश्य नसले की जुन्या डब्यातील गर्दी लावली जाई, आणि पुढच्यांनी तीच गर्दी बातमीच्या तारखेने ओळखली. फ्रेममधील गिरणीची पाटी, दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची पोस्टरे मोठी करून पाहा. ओळीपेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवा.

वरळी_सीफेस

थोडे अवांतर होईल, पण राहवत नाही. प्रदीप भिडे, भक्ती बर्वे, अनंत भावे यांचे वाचन ऐकतच आमची पिढी शुद्ध बोलायला शिकली. स्मिता पाटील यांनीही सुरुवातीच्या काळात मराठी बातम्या वाचल्या होत्या, आणि आजही त्यांच्या साड्यांविषयी लोक तासभर बोलतात. त्या दिवशी बातमी काय होती, हे मात्र कोणाला आठवत नाही. त्यांचे बातम्या वाचतानाचे मुद्रण का दिसत नाही, याचे उत्तरही वरच्या प्रतिसादातच आहे ना?

फिल्मची_कात्री

होय, तेच. निवेदक फिल्मवर नसत, ते थेट असत. एखाद्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमासाठी कोणी मुद्दाम मुद्रण केले असेल तर तेवढेच.

कलम_बावन्न

परवानगीच्या प्रश्नापुरते लिहितो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार चित्रपटाचा प्रताधिकार प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो, आणि कायद्याच्या भाषेत बातमीची फिल्म किंवा टेप हाही चित्रपटच असतो. म्हणजे १९८२ मध्ये दाखवलेले दृश्य २०४२ अखेरपर्यंत संरक्षित आहे. प्रसारण संस्थेला प्रक्षेपणावर मिळणारा वेगळा हक्क २५ वर्षांचा असतो. या दोहोंची गल्लत करून अनेक जण घरची व्हीएचएस ‘पंचवीस वर्षे झाली, आता मोकळी’ असे समजून खुशाल चढवतात. ते बरोबर नाही. कलम ५२ खाली खासगी अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी वाजवी वापराची मुभा आहे, पण प्रदर्शन हा खासगी अभ्यास होत नाही.

अर्ज प्रसारभारतीच्या अभिलेखागाराकडे करावा लागेल. त्यात किती सेकंद, कोठे, किती दिवस आणि तिकीट आहे की नाही, हे स्पष्ट लिहावे. मोघम अर्जाला मोघमच उत्तर येते. माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज दृश्ये मिळवण्यासाठी वापरू नका, त्या तारखांच्या नोंदवहीत काय आहे हे जाणून घेण्यासाठी वापरा.

आणखी एक वाट सुचवतो. चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवले जाणारे फिल्म्स डिव्हिजनचे समाचारचित्र ३५ मिलिमीटरवर, ध्वनीसह आणि निगेटिव्ह ठेवून बनत असे. त्याच्या अनेक प्रती देशभर जात असल्यामुळे ते टिकण्याची शक्यता दूरदर्शनच्या एकुलत्या फिल्मपेक्षा कितीतरी अधिक. ते स्थानिक नाही, राष्ट्रीय आहे; पण संस्थेचे मुख्यालयच मुंबईत पेडर रोडला असल्याने मुंबई त्यात वारंवार येते. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, तेव्हा पत्रव्यवहार आता त्या नावाने करावा.

पंचगंगेकाठी

मी मुंबईचा नाही, परंतु आमच्या वाचनालयात जुन्या टेपा संगणकावर घेण्याचे काम चालते, म्हणून लिहितो. नव्वदच्या दशकात आमच्याकडच्या शहरांत केबलचालक स्वतःची संध्याकाळची बातमी दाखवू लागले आणि तिचे चित्रीकरण करणारे बहुतेक जण लग्नांचे व्हिडिओ शूटिंग करणारे होते. कार्यालयात टेप उरली नाही तरी त्यांच्या घरच्या माळ्यावर ती उरते, कारण लग्नाच्या टेपेच्या शेपटाला पालिकेची सभा किंवा पुराचे पाणी मुद्रित झालेले असते. गिरणगावातील फोटो स्टुडिओंकडे अशी चौकशी अवश्य करा. संपाची नाही तरी पुढे गिरण्यांच्या जमिनींवरून झालेल्या आंदोलनांची दृश्ये मिळू शकतील.

टेप मिळाली की आनंदाच्या भरात ती यंत्रात घालू नका. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. एक बुरसटलेली टेप यंत्राचे हेड खराब करते आणि पुढच्या सगळ्या टेपांना लागण होते. आधी स्वच्छता, मग पूर्ण पुढे-मागे गुंडाळणे, आणि त्यानंतरच मुद्रण. घेताना ७२० गुणिले ५७६ या मूळ मापात, सेकंदाला २५ चौकटी ठेवून आणि शक्यतो कोणतीही काटछाट न करणाऱ्या स्वरूपात घ्यावे. मोबाइलवर पाठवायची लहान प्रत त्यातून नंतर काढता येते. संगणकावर घेतले म्हणून मूळ टेप रद्दीत देऊ नये, हे सांगावे लागू नये, पण सांगतो.

परळचा_शोधक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तारखांची यादी करायला घेतली आहे. ही चर्चा वाचून एका परिचितांनी कळवले की चिंचपोकळीतील त्यांच्या दिवंगत काकांकडे, जे हौशी कॅमेरामन होते, १६ मिलिमीटर फिल्मचे दोन पत्र्याचे डबे आहेत, पण उघडताच लोणच्यातल्या व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ही फिल्म वाया गेली असे समजावे का?

फिल्मची_कात्री

अजिबात समजू नका, पण घाई करा. तो वास म्हणजे ॲसिटेट फिल्मचा पाया विघटित होऊ लागल्याची खूण आहे. मुंबईच्या दमट उष्म्यात ही क्रिया वेग घेते आणि शेजारच्या डब्यातील चांगल्या फिल्मलाही ग्रासते. दोन्ही डबे इतर फिल्मपासून वेगळे काढून कोरड्या, थंड आणि हवेशीर जागी ठेवावेत. प्रोजेक्टरवर चालवण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये, कारण आकसलेल्या फिल्मची छिद्रे दातेरी चाकावर बसत नाहीत आणि ती फाटत जाते. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र लिहून फिल्मची स्थिती तपासून मिळेल का, ते विचारा. तोपर्यंत डब्याच्या झाकणाचे, आत चिठ्ठी असल्यास तिचे आणि फिल्मच्या सुरुवातीच्या हातभर कोऱ्या पट्टीवर शाईने काही लिहिले असल्यास त्याचे छायाचित्र काढून घ्या. आणि काकांची जुनी डायरी किंवा फिल्म धुऊन घेतल्याच्या पावत्या घरात असतील, तर त्या डब्यांसोबतच ठेवायला सांगा. तारीख त्यांतूनच लागेल.